पत्र्याचा स्तूप

आमच्या घरात दोन बायका नांदत होत्या, असं माझी आई शेवटपर्यंत सांगायची. एक ती स्वतः आणि दुसरी मागच्या शेडातली, लोखंडाची, जिला आण्णांनी कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून हातगाड्यावर घालून वाजतगाजत उचगावला आणलं. वाजतगाजत म्हणजे शब्दशः. तिचं एक चाक ढिलं होतं आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ते खणकन वाजत होतं, त्यामुळं आण्णा गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आधीच सगळी वस्ती दारात येऊन उभी राहिली होती. आई पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं त्या यंत्राकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, नवी सून बघतात तसं, आणि म्हणाली, "सवत आणली ती आणली मास्तर, जरा धड तरी बघून आणायची. हिचं तोंडच वाकडं हाय की."

तोंड खरंच वाकडं होतं. माणसाच्या छातीला लागेल एवढी उंच लोखंडी चौकट, मगरीनं जबडा उघडावा तशी पुढनं मोकळी. जबड्यात वर एक मोठं सपाट चाक, खाली एक लहान, पोट सुटलेलं चाक. दोन्ही चाकांच्या मध्ये पत्रा धरायचा, खालचा आटा आवळायचा आणि पत्रा पुढं-मागं, पुढं-मागं सरकवत राहायचं. दाबानं पत्रा जागच्या जागी ताणत जातो, त्याला पोट येतं, आणि सपाट तुकड्याची हळूहळू परात होते. निदान व्हायला पाहिजे. बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कुणीतरी धंदा मोडला होता आणि जाताना हे सोडून गेला होता. त्यानंही ते कुठंतरी पातळ नळ्या जोडून स्वस्तात करून घेतलं असावं. स्वस्त होतं म्हणूनच ते आमच्या घरी आलं.

माझे आण्णा हायस्कुलात चित्रकलेचे मास्तर होते. फळ्यावर हात न उचलता असं वर्तुळ काढायचे की कंपासानं लाजावं. पण लोखंडाशी त्यांचा तोवरचा संबंध म्हणजे रॉकेलच्या डब्याचं झाकण, आणि तेही बऱ्याचदा आईच उघडायची. अशा माणसाच्या घरी पत्रा गोल करायचं यंत्र का यावं, तर त्याला कारण होती आदल्या वर्षीची भीमजयंती. आमच्या वस्तीची मिरवणूक दर वर्षी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर देखावा घेऊन निघते. त्या साली थर्माकोलचा स्तूप केला होता, आण्णांच्याच मार्गदर्शनाखाली. मिरवणूक हमरस्त्याला लागली आणि वळीव आला. पांढऱ्या स्तूपावरनं रंगाचे ओघळ उतरले, मग वाऱ्यानं घुमटाचा अर्धा भाग उचलला आणि पलीकडच्या उसात नेऊन टाकला. नंतरच्या बैठकीत मंडळाचे अध्यक्ष दिनकरतात्या, जे गिरणीतनं रिटायर झाले होते पण गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय काही रिटायर झाली नव्हती, ते गरजले, "दर साली कागद आन् थर्माकोल! आपल्याला टिकाऊ कायतरी जमतंय का न्हाय?" आणि आमचे आण्णा, ज्यांना शाळेत साधा रजेचा अर्ज देतानाही घाम फुटायचा, ते उठून म्हणाले, "पत्र्याचा करू. मी करतो." टाळ्या पडल्या. टाळ्यांचा माणसाला फार त्रास होतो.

मी त्या वर्षी घरी बसलेली होते. बारावी झाली होती, डी. एड.च्या यादीत नाव लागलं नव्हतं आणि पुढच्या वर्षी परत अर्ज करायचा असं ठरलं होतं. घरी बसलेली मुलगी म्हणजे सगळ्या गावाचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम. "शकू, आता काय करत्यास?" पाण्याला गेलं तरी, गिरणीत दळण ठेवलं तरी. मी जे करत होते ते सांगण्यासारखं नव्हतं. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत आईच्या सवतीच्या जबड्यात पत्रा घालत होते. शेड खरं तर म्हशीचं. म्हैस शेवग्याच्या झाडाखाली गेली आणि तिच्या जागी यंत्र बसलं. म्हशीनं पहिले काही दिवस ठोकाठोकीच्या आवाजानं पान्हा चोरला. मग तिला त्या आवाजाची अशी काही सवय झाली की रविवारी आम्ही काम बंद ठेवलं तर ती धार देईना, आणि आई चरवी घेऊन शेडाच्या दाराशी येऊन ओरडायची, "आगं, जरा काय तरी बडीव की!"

पहिली पाकळी मला अजून डोळ्यांसमोर दिसते. आण्णांनी घुमटाच्या पाकळ्या पाडल्या होत्या, सोललेल्या संत्र्याच्या फोडींसारख्या, वर निमुळत्या आणि खाली रुंद. पुठ्ठ्याचे साचे इतके देखणे कापले होते की ते तसेच भिंतीला लावावेत. अॅल्युमिनियमचा पत्रा कापला, यंत्रात घातला, दोघांनी दोन बाजूंनी धरून सकाळभर पुढं-मागं केला. कुईऽकुई, कुईऽकुई. बाहेर काढला तर त्याला पोट जवळजवळ आलंच नव्हतं, आणि जे काही आलं होतं ते एका बाजूला. वर सगळीकडं उभे पट्टे उमटले होते. आण्णांनी मान तिरकी केली, दोन पावलं मागं गेले, डोळे बारीक केले. "पोत आलाय," ते म्हणाले. आई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. कांदा-लसणाच्या चटणीचे दिवस होते, घरात सगळ्यांना शिंका येत होत्या. ती तिथूनच म्हणाली, "कलिंगड झालंय."

आज माझ्या स्वतःच्या कारखान्यात चांगली यंत्रं आहेत आणि माझ्याकडं शिकायला येणारी पोरं यंत्राला नावं ठेवायला लागली की मला त्या कलिंगडाची आठवण येते. महागाचं यंत्र माणसाला काम शिकवतं, पण स्वस्तातलं यंत्र आधी यंत्र म्हणजे काय ते शिकवतं, कारण त्याचं एकेक दुखणं आपल्यालाच शोधून काढावं लागतं. हे मी पोरांना सांगते. पोरं माना डोलावतात आणि माझी पाठ वळली की मोबाईल काढतात. असो.

सवतीचं पहिलं दुखणं आईनंच पकडलं. ती शेडाच्या दारात बसून मिरच्यांची देठं काढत होती. मी पत्रा ढकलत होते आणि आण्णा आटा आवळत होते. आवळला की यंत्र कुरकुरायचं, पण पत्र्यावर काही परिणाम दिसायचा नाही. आई बराच वेळ बघत बसली आणि एकदम हसायला लागली. "आवं मास्तर, ती जांभई देत्या की! तुमी दाबताय तसं ती तोंड उघडत्या." आम्ही दोघं थांबलो. आण्णांनी परत आवळलं, मी पत्रा सरकवला, आणि खरंच, पत्रा चाकांत शिरला की चौकटीचा जबडा बारीकसा फाकत होता. सगळा दाब त्या जांभईत जात होता. पत्र्यापर्यंत पोचतच नव्हता. आण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी मिरचीचे हात असलेल्या आईचा हात हातात घेतला आणि मग डोळे चोळले. पुढचा तास ते रांजणापाशी होते.

जांभईवर उपाय म्हणजे पाठीचा कणा. मोडीत निघालेल्या बैलगाडीचा लोखंडी आस मिळाला. तो आणि एक जाड पट्टी चौकटीच्या पाठीला उभी जोडायची, असं आण्णांनी चितारून दाखवलं. त्या चित्रात सावल्यासुद्धा दिल्या होत्या. हमरस्त्यावर ग्रील करणाऱ्याकडं यंत्र परत हातगाड्यावर घालून नेलं. त्यानं चित्र उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, "सर, हे घेऊन मी काय फ्रेम करू का?" पण वेल्डिंग झकास केलं. यंत्र परत आलं तेव्हा त्याला धडधाकट कुबड आलं होतं आणि ते ढिम्म उभं राहत होतं. त्याच फेरीत ढिल्या चाकाचंही बघितलं. दांडा ज्यात फिरतो ती आतली बुशी झिजून अंड्यासारखी झाली होती. ती काढून स्कूटरच्या चाकाची जुनी बेअरिंग बसवली. आईनं चाक एका बोटानं फिरवलं, ते बिनआवाजाचं बराच वेळ फिरत राहिलं, तेव्हा तिनं पहिल्यांदा "हं" असं म्हटलं. आमच्या घरात आईचं "हं" म्हणजे पारितोषिक वितरण समारंभ.

पट्टे मात्र अजून पडत होते. खालच्या चाकावर लेथच्या बारीक रेघा तशाच राहिल्या होत्या आणि त्याच पत्र्यावर छापल्या जात होत्या. चाक गुळगुळीत घासायचं तर ते जोरात फिरायला पाहिजे. फिरवायला मोटर नव्हती. घरात पायानं चालणारी एकच वस्तू होती, आईची शिलाई मशीन. जयंती तोंडावर आली होती, अर्ध्या वस्तीची पांढरी झंपरं आईकडं शिवायला पडली होती. त्यामुळं आण्णांनी ही मागणी जेवताना, आईनं भाकरीवर खर्डा वाढत असताना, अतिशय हळू आवाजात केली. आईनं आणखी खर्डा वाढला. तिखटानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा ती म्हणाली, "पायटा मी मारणार. तुमास्नी दिलं तर मशीन मोडशीला." मग दुपारी शिलाई मशीनचा पट्टा चाकाच्या दांड्याला जोडला. आई पाय मारायची आणि मी रॉकेलमध्ये भिजवलेला पॉलिश पेपर चाकावर धरायची, आधी खरबरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ. शेवटी चाक असं झालं की त्यात शेवग्याचं झाड उलटं दिसायला लागलं. त्या वर्षी जयंतीला वस्तीतल्या निम्म्या बायकांच्या झंपरांना रॉकेलचा वास येत होता, आणि कुणी विचारलं की आई गंभीरपणे सांगायची, "नवीन कापड हाय, सुरवातीला येतोय."

यंत्राचा विषय संपला तरी हत्यारं होतीच. पाकळीच्या कडा हातानं ठोकाव्या लागायच्या. बाजारातल्या स्वस्त हातोड्यांची कड सुरीसारखी. घाव जरा तिरका बसला की पत्र्यावर चंद्रकोर उमटायची, आणि एकदा उमटली की जन्मभर राहायची. मी त्या कडा कानशीनं गोल केल्या आणि तोंडं घासून चकचकीत केली. इतकी, की एकदा घाईत मी हातोडीत बघून टिकली लावली. चिंचेच्या ओंडक्याच्या मोगऱ्या, म्हणजे लाकडी हातोड्या, करून घेतल्या, एक बोथट आणि एक नारळासारखी. पत्रा ठेवून ठोकायला मऊ बैठक हवी होती म्हणून चपला शिवणाऱ्या शेजाऱ्यांकडनं चामड्याची पिशवी शिवून आणली आणि तिच्यात वाळू भरली. वाळू बारीक पाहिजे म्हणून ती पिठाच्या चाळणीनं चाळली. हे मी आईला सांगितलं नाही. भाकरीनं सांगितलं. आण्णांच्या दाताखाली कच् वाजलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी ताटाकडं बघितलं, आणि त्या थोर माणसानं तो घास तसाच गिळला.

त्यानंतर पाकळ्या यायला लागल्या. आमचं भांडणही तेव्हाच सुरू झालं. आण्णा पत्रा उन्हात धरायचे, त्यावरनं पळणाऱ्या उजेडाची रेघ बघायचे आणि सांगायचे, "हितं बसकी हाय. रेषा मोडत्या." मी म्हणायची, "न्हाय, तितं उंच हाय, म्हणून पलीकडं बसकं दिसतंय." कारण मी डोळे मिटून बघत होते. आईच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा तळव्याखाली घेऊन पत्र्यावरनं हात फिरवला की डोळ्याला न दिसणारा उंचवटा हाताला लागतो, झोपलेल्या लेकराचं डोकं हाताला लागावं तसा. हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि कसं आलं ते आजही सांगता येणार नाही. आण्णा म्हणायचे, "माझा डोळा तीस वर्षांचा हाय." मी म्हणायची, "आण्णा, पत्रा कागद न्हाय. खोडून परत काढाय येत न्हाय." मग दोघंही फुगून बसायचो, आणि आई हुलग्याचं माडगं करून दोघांच्या पुढं वाट्या आदळायची. माडगं पिताना माणसाला फुगून राहता येत नाही, नाकातनं पाणी येतं. शेवटी असं ठरलं की कुठं बिघडलंय ते आण्णांनी सांगायचं आणि का बिघडलंय ते मी. भांडण मिटलं नाही, पण पाकळ्या गोल व्हायला लागल्या.

घुमट उभा राहिला तो दिवस विसरण्यासारखा नाही. लोखंडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर एकेक पाकळी रिबिट मारून बसवत गेलो आणि शेवटची पाकळी दोन बोटं कमी पडेल या भीतीनं आण्णा सकाळपासून काही खाईनात. ती बसली. ठोकून ठोकून, थोडी कुरकुरत, पण बसली. रंग द्यायचाच नाही, असं आण्णांनी ठरवलं. पत्रा तसाच घासून चांदीसारखा ठेवला. पोरं येऊन त्यात आपली पसरट तोंडं बघून जीभ काढायला लागली. दिनकरतात्या आले, सगळ्या बाजूंनी फिरले, बोटानं टिचकी मारली. घुमट देवळातल्या घंटेसारखा नाही, पण मोठ्या हंड्यासारखा घुमला. तात्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच खाली आला. "मास्तर," ते म्हणाले, "ह्यो आता वळवाच्या बापाला भीत न्हाय."

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी ट्रॉलीवर कापडी फलक लागला. निळ्यावर पांढरी अक्षरं: संकल्पना व निर्मिती, आणि पुढं आण्णांचं पूर्ण नाव, सर लावून. आण्णांना ते माहीत नव्हतं, तात्यांनी परस्पर केलं होतं. आण्णांनी फलक वाचला, लाजले, चष्मा पुसला आणि अक्षरांच्या वळणात काय चुकलंय ते सांगायला लागले. घरी बसलेल्या मुलीनं घरी बसून बापाला हातभार लावला, त्याचा फलक थोडाच करतात. पण त्या रात्री गव्हाच्या खिरीसाठी गहू सडताना मी जरा जास्तच जोरात मुसळ घालत होते. आई बघत होती. "गव्हाचा काय दोष न्हाय त्यात," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मिरवणूक निघाली. बायका पांढऱ्या साड्यांत, पोरी लेझीम घेऊन, पुढं ढोल-ताशा आणि मागं ट्रॉलीवर उन्हात पेटलेला आमचा स्तूप. ढोल वाजला की घुमट त्याच्याबरोबर गुणगुणायचा. आत एखादा भलामोठा भुंगा बसल्यासारखा आवाज यायचा, आणि लोक कान लावून हसायचे. बाजारपेठेतले दुकानदार बाहेर येऊन बघत होते. आण्णा ट्रॉलीच्या बाजूनं चालत होते, खांद्याला शबनम. तिच्यात एक मोगरी आणि वाळूची पिशवी होती. "मिरवणुकीत कशाला?" म्हणून मी सकाळीच चेष्टा केली होती. आण्णा घरातनं देवळापर्यंत, म्हणजे आमच्या विहारापर्यंत जातानाही छत्री घेणारे. पावसाळा असो वा नसो.

चौकात स्वागताची कमान होती, लोखंडी नळ्यांची. ट्रॅक्टरवाला वळण घेताना मागं बघत होता. माझी खात्री आहे, तो घुमटात स्वतःचा फेटा बघत होता. ट्रॉली वळली, कमानीचा खांब घुमटाच्या खांद्याला लागला, आणि भप्प असा आवाज झाला. फार मोठा नाही. भाकरी फुगून फुटते तसा. ढोल थांबले. घुमटाच्या उजव्या खांद्यावर परातीएवढा खड्डा पडला होता, आणि उन्हाची सगळी तिरीप त्या खड्ड्यात गोळा होऊन चौकभर फिरत होती. लपवायचं म्हटलं तरी लपत नव्हतं. गर्दीतनं कुणीतरी म्हणालं, "थर्माकोल बरा व्हता की." लोक हसले. तात्यांनी ट्रॅक्टरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग म्हणाले, "स्तूप फिरवा, खड्डा उसाकडं करा, मुकाट पुढं चला." मी आण्णांकडं बघितलं. ते ट्रॉलीच्या दांडीवर बसले होते. चेहरा असा, जणू परीक्षेत त्यांचंच चित्र कुणीतरी नापास केलं होतं. इतके महिने ज्या माणसाची मी मजा केली होती, त्याला त्या क्षणी कुणी हसावं हे मला सहन झालं नाही.

मी त्यांच्या खांद्यावरची शबनम काढून घेतली. मोगरी घेतली आणि वाळूची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. "आण्णा, उठा. तुमी भाईरनं धरा, मी आत जातो."

"आगं, साडी..."

"साडी आई धुतीया. उठा."

ट्रॉलीवरच्या फळ्यांना खालनं कापडाची झालर होती. ती उचलून मी आत शिरले, फळ्यांमधल्या मोकळ्या जागेतनं सांगाड्याच्या पट्ट्या धरत वर उभी राहिले. आत भट्टी होती. पत्रा दिवसभर तापलेला, हात लावला की चटका. अंधार, फक्त रिबिटांच्या फटींतनं उजेडाचे ठिपके. बाहेरचा कोलाहल आत येऊन असा फिरत होता की कुणाचा शब्द कळत नव्हता. पदर हाताला गुंडाळून मी खड्ड्याची कड चाचपली. एवढ्यात बाहेरनं बोटाच्या पेरानं टक् टक् वाजलं. आण्णा. ते टिचकी मारून दाखवत होते, सुरुवात कुठनं करायची ते. मधोमध नाही, कडेनं. बरोबर होतं. मधोमध मारलं असतं तर पत्रा सुरकुतला असता. मी मोगरी तिथं मारली. बाहेर वाळूची पिशवी होती ते हाताला कळलं, घाव भिंतीत न जाता मातीत जावा तसा बसला. टक् टक्, जरा पुढं. मी तिथं मारलं. आम्हाला एकमेकांची तोंडं दिसत नव्हती, म्हणून भांडताही येत नव्हतं. तेवढ्या वेळात आम्ही केलं तसं बिनभांडणाचं काम त्याआधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मध्येच मला कळलं की बाहेर माझ्या घावाला घाव येतोय. ताशावाल्यानं माझी लय पकडली होती. मी मारलं की तो काडी टाकायचा, मग ढोलवाला सामील झाला, मग लेझमी. मला आत घामानं काही दिसत नव्हतं, पण हसू यायला लागलं. खड्ड्याचा शेवटचा भाग हट्टी होता. मी तळवा लावून बघितलं, उंचवटा सापडला, त्याच्या शेजारी एक मारला, आणि पत्रा टण्णकन आपल्या जागेवर गेला. संबंध घुमट वाजला. बाहेर असा आरडाओरडा झाला की मला आतल्या आत कानांवर हात ठेवावे लागले.

मी बाहेर आले तेव्हा माझी पांढरी साडी काळी झाली होती, हात काळे, कपाळ काळं. अॅल्युमिनियमचा काळा रंग धुवून लवकर जात नाही, ज्याला लागलाय त्यालाच माहीत. खड्ड्याच्या जागी बारीक लाटा राहिल्या होत्या. मला दिसत होत्या, आण्णांना दिसत होत्या, बाकी कुणाला नाही. तात्या म्हणाले, "मास्तर, जिकलासा! मास्तरांचा हात म्हंजे हात हाय." आणि माझे आण्णा, ज्यांना चारचौघांत घाम फुटायचा, ते ट्रॉलीच्या दांडीवर चढले. फलक दोऱ्यांनी बांधला होता. त्यांनी एक दोरी सोडली, दुसरीची गाठ सुटेना, म्हणून दातानं तोडली. फलक गुंडाळून काखेत मारला आणि म्हणाले, "तात्या, मी चितारलाय. केलाय हिनं. पुढच्या साली दोघांचं लिवा, न्हायतर कुणाचंच नगो." तात्यांनी ढोलवाल्याला दम दिला, "थांबलाईसा कशाला? वाजवा की!"

आई बायकांच्या घोळक्यात होती. ती पुढं आली, माझ्या साडीचा पदर उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. "न्हाय निघायचं हे," ती म्हणाली, आणि तोच पदर घेऊन तिनं माझं कपाळ पुसलं. काळं आणखी पसरलं.

दुसऱ्या दिवशी आण्णांना सकाळची शाळा होती. ते दारात चपला शोधत होते, तेवढ्यात एक शेतकरी आला, शाहूवाडीकडचा, सायकलच्या कॅरेजला ट्रॅक्टरचं चेपलेलं मडगार्ड बांधून. मडगार्ड नीट करून घ्यायला कोल्हापूरला आला होता, आदल्या दिवशी पाव्हण्यांकडं मुक्कामाला होता आणि चौकात त्यानं सगळं बघितलं होतं. "रामराम," तो आण्णांना म्हणाला. "ते पत्र्याचं काम करणारं हितंच ऱ्हात्यात न्हवं? एवढं सरळ करून पायजे व्हतं. आज जमलं तर बरं हुईल, मला गावाकडं जायाचं हाय."

मी आत चुलीपाशी बसले होते, मला सगळं ऐकू येत होतं. मी उठायला लागले तर आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. बाहेर आण्णांनी घसा खाकरला. मुलांना वर्गात गप्प करायचा त्यांचा जो आवाज होता, तो त्यांनी घरी कधी काढला नव्हता. तो त्या दिवशी काढला.

"बसा पावणं," आण्णा म्हणाले. "पत्र्याचं काम आमची लेक करत्या. आत च्या प्याय लागल्या. तिचा च्या झाल्याबिगर तिला हाक मारता यायची न्हाय."

मी तो चहा बशीत ओतला, फुंकर घातली, आणि इतका सावकाश प्यायले की शेवटचा घोट पार गार झाला होता.